संचिताचं ‘नाय’

समजा, तुम्हाला एक सोपं काम दिलंय. वर्षा-दोन वर्षांचं एक पोर मांडीवर घेऊन बसायचं, त्याचं तोंड पुढे. समोर अंगणवाडीच्या बाई डब्याचं लाल झाकण हलवत बसल्यायत, म्हणजे पोराचं लक्ष तिकडेच राहील. तुमच्या पाठीमागे, पोराला दिसणार नाही अशा जागी मी उभा आहे आणि माझ्या हातात खुळखुळा आहे. मी तो हळूच वाजवणार. पोराने मान वळवली तर त्याला ऐकू येतं. नाही वळवली तर पुढची तपासणी. तुम्ही फक्त एकच करायचं. खुळखुळा वाजला तरी हलायचं नाही.

करून बघा. नाही जमणार. खुळखुळा वाजला की आधी तुमचीच मान वळते. मान आवरलीत तर खांदा हलतो, खांदा आवरलात तर श्वास अडकतो. मांडीवरच्या पोराला तेवढं पुरतं. आपलं माणूस जिकडे वळतं तिकडे काहीतरी बघण्यासारखं असतं, हे त्याला केव्हाच कळलेलं असतं. ते वळतं. मी म्हणतो, छान, ऐकू येतं. प्रत्यक्षात मी तुमचे कान तपासलेले असतात.

हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी उत्तर अगदी बरोबर लिहिलं होतं.

मी जामसंड्याचा. कान तपासण्याचं शिक्षण घेऊन आलो आणि एका संस्थेच्या गाडीतून जिल्हाभर लहान मुलांचे कान बघत फिरू लागलो. मी डॉक्टर नाही. हे मी प्रत्येक गावात सांगतो आणि प्रत्येक गाव ‘होय डॉक्टरानू’ म्हणतं.

कर्ली नदी तारकर्लीजवळ समुद्राला मिळते. तिथून काठाने आत वर जात राहिलं की लॉजच्या पाट्या संपतात, मग माड विरळ होतात आणि जांभ्याचा उघडा कातळ लागतो. त्या कातळाच्या कडेला कातकऱ्यांची एक वाडी आहे. वाडीतली माणसं नदीत मासे आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरतात, रस्त्याकडेला बसून विकतात, आणि दिवाळीनंतर देवगडकडच्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि फवारणीला जातात. पोरंही बरोबर जातात. ती परत येतात तेव्हा आंबा संपलेला असतो. म्हणून आमची गाडी दिवाळी झाल्या झाल्या तिथे पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी बागायतदाराचा टेम्पो वाडीतल्या लोकांना न्यायला येणार होता.

अंगणवाडीच्या दारात दोघी उभ्या होत्या. एक सेविका नम्रताबाई, पलीकडच्या शेतकरी वाडीतल्या. दुसरीने स्वतःच पुढे होऊन ओळख करून दिली, अगदी कचेरीतल्या मराठीत.

“नमस्कार सर. मी संचिता. मदतनीस. म्हणजे खिचडी मी करते आणि नाव बाईंचं होतं.”

“करपते तेव्हा नाव हिचं होतं,” नम्रताबाई म्हणाल्या.

“म्हणून तर माझं नाव जास्त लोकांना माहीत आहे.”

संचिता त्याच वाडीतली सून. स्वतःबद्दल काहीही सांगताना ती आधी स्वतःचीच खोडी काढते, मग उरलेलं सांगते. खुळखुळे पुसता पुसता तिने मला आपलं आयुष्य ऐकवलं, तेही असंच. तिचा जन्म देवगडच्या एका बागेतल्या खोपीत झाला. “हापूसच्या झाडाखाली जन्मले सर, आणि लहानपणी खाल्लेला एक हापूस आठवत नाही. आठवतं ते माकडं हाकलणं.” दरवर्षी शाळा अर्धी वाडीत, अर्धी बागेच्या जवळ, आणि दोन्ही गुरुजींना वाटायचं की ही दुसऱ्या शाळेची. मग कुणीतरी वसतिगृहात घातलं, तिथून ती दहावीपर्यंत गेली. वाडीतली पहिली दहावी पास. पण गणितात दोनदा बसून. “आता पोरांची वजनं मीच करते. काट्यावर विश्वास ठेवा, माझ्यावर नको.”

लग्न मंगेशशी झालं. नदीच्या चिखलात हात घालून कुर्ली कशी काढायची हे तिला त्याच्या आईने, गोदूबाईने शिकवलं. तीन महिने ती रोज बोट सुजवून घरी यायची. “कुर्ली मी धरायची नाही, कुर्लीच मला धरायची. सासू म्हणायची, बाजारात तुलाच टोपलीत बसवते.”

बोलता बोलता ती मालवणीवर आली. कातकऱ्यांची घरातली बोली वेगळी, ती मला कळत नाही. पण चारचौघांत सगळे मालवणीच बोलतात. मीही मालवणीच बोलत मोठा झालो. मात्र गळ्यात ओळखपत्र आलं की माझ्या तोंडातून पुस्तक बाहेर पडतं. पहिल्या आईला मी विचारलं, “बाळ आवाजाला प्रतिसाद देतं का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. नम्रताबाईंनी सांगितलं, “आवाज आयकता काय, इचारतत.”

“नाय ओ,” आई म्हणाली.

“बोलतो का?”

“खंय बोलता! कायच बोलना नाय.”

“नीट जेवतो का?”

“नाय. काय खाना नाय.”

तिच्या मांडीवरचा मुलगा हातातली भाकरी खाता खाता मला स्पष्ट म्हणाला, “पानी.”

पुढच्या आईचंही तेच. त्याच्या पुढचीचंही. टॅबवर होय आणि नाही अशी दोन बटणं होती, त्यातलं ‘नाही’ दाबून दाबून माझा अंगठा दमला. वाडीतलं एकही मूल ऐकत नव्हतं, बोलत नव्हतं, जेवत नव्हतं. दुसरीकडे खुळखुळा वाजवला की झाडून सगळी पोरं माना वळवत होती. संचिता प्रत्येक आईला बजावत होती, “हलाचा नाय हां! दगडासारखी बस!” आणि खुळखुळा वाजला की स्वतःच माझ्याकडे वळून बघत होती.

एक तर जिल्ह्यातली सगळ्यात मोठी समस्या मला सापडली होती, नाहीतर माझा टॅब बिघडला होता. पहिली शक्यता मला जास्त आवडली, हे सांगून टाकतो.

संचिताने टॅबमध्ये डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

“सर, ह्यां काय केलास? सगळी पोरां मुकी?”

“आयाच सांगतायत.”

“आयो असांच सांगतली. पोर बरां आसा म्हणान तोंडान कोण सांगता? दृष्ट लागात ना! खाता तेका खाना नाय म्हणाचा. बोलता तेका बोलना नाय.” मग तिने मला गुरुजींसारखं बोट दाखवून शिकवलं. “नाय म्हणजे होय. ध्यानात ठेवा. आणि कोण आवस जर म्हणाली, माझो झील मस्त आसा, तर समजा कायतरी बिनासलां.”

“आमच्याकडे पण तेच,” नम्रताबाई म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंना विचारा नातू कसा आहे. म्हणतील, सुकला हो. तो दारातून आडवा होऊन आत येतो.”

मला आमची आई आठवली. गेली कितीतरी वर्षं ती शेजारणींना माझ्याबद्दल ‘आमचो झील असोच आसा, काय करूचो नाय’ असं सांगत आलीय. ते ती दृष्टीच्या भीतीने सांगते, असं मी आजवर धरून चाललो आहे.

मग काय, मी सगळ्या ‘नाही’चं ‘होय’ करत सुटलो. नवीन नियम सापडला की शिकलेल्या माणसाला जो आनंद होतो तो मला झाला. पुढच्या आईने ‘नाय’ म्हणायच्या आत मी हसून बटण दाबत होतो.

सगळ्यात शेवटी गोदूबाई आली. ठेंगणी, काटक, कडेवर नातू. चंदन त्याचं नाव, दोन वर्षांचा व्हायला आला होता. संचिताचा मुलगा. गोदूबाई मांडी घालून बसली, नम्रताबाईंनी लाल झाकण हलवलं, मी खुळखुळा वाजवला. चंदनने झटकन मान वळवली.

“उत्तम,” मी म्हटलं.

संचिता माझ्याजवळ आली. आवाज खाली, आणि भाषा पुन्हा कचेरीतली.

“सर, हा ऐकत नाही.”

“या वयात कुणीच ऐकत नाही,” मी म्हटलं. नम्रताबाई हसल्या. आपला विनोद चालला म्हणून मला बरं वाटलं.

“तसां नाय. आयकना नाय, सर. कानान. बोलना पण नाय.”

मी तिला डोळ्यांनी खूण केली. आला लक्षात तुझा नियम. आणि ‘होय’ दाबलं.

“बगा,” गोदूबाई वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, “दुसऱ्यांका शिकयता आणि सोताक दृष्टीची भीती! धावी शिकान काय उपेग गो?”

बाहेर बसलेल्या बायका हसल्या. संचिताही हसली. सवयच होती तिला, आपल्यावर कोणी हसलं की सगळ्यांत आधी आपण हसायचं.

“झालां,” ती म्हणाली. “माझ्याच कुर्लेन माका डेंगो मारल्यान.” डेंगो म्हणजे कुर्लीची नांगी.

पण हसून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली, रिकामा डबा हातात घेऊन.

तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला पुढे सांगितलं, पण ते इथेच सांगायला हवं. बरेच महिने तिला शंका होती. ती चुलीकडून हाक मारायची, चंदन वळायचा नाही. जमिनीवर थाप मारली की वळायचा. रस्त्यावरून एसटी गेली की उठून बसायचा, पण कुत्रा कानाशी भुंकला तरी खेळत राहायचा. सर्दी तर त्याच्या नाकाला कायमचीच होती. आणि त्याची एक सवय होती. ती गाणं म्हणायला लागली की तो तिच्या अंगावर चढायचा आणि गाल तिच्या गळ्याला घट्ट लावायचा. वाडीतल्या बायका म्हणायच्या, आवशीचो किती लळो! तिलाही ते आवडायचं. आवडायचं म्हणूनच तिने बरेच दिवस त्याचा दुसरा अर्थ लावला नाही.

मग लावला. मंगेशला सांगितलं, तो म्हणाला, “तुजा बोलणां आयकान आयकान पोराचे कान दमले.” गोदूबाईला सांगितलं, ती मंगेशकडे बोट दाखवून म्हणाली, “तुजो घोव चार वर्सांचो होयसर बोलूक नाय. आता गप रवता काय?” नम्रताबाईंना सांगितलं, तर त्यांना ते नेहमीचंच ‘नाय’ वाटलं. आणि ज्या गाडीची ती वाट बघत होती त्या गाडीतून मी उतरलो. मला तर तिने स्वतःच शिकवून ठेवलं होतं की नाय म्हणजे होय.

उद्या सकाळी टेम्पो. दरवर्षी वाडी रिकामी झाली की बिनपगारी रजा टाकून तीही जायची. मग बाग, खोपी आणि माकडं. परत यायला उन्हाळा सरणार. पोर बोलायला शिकतं ते याच वयात, हे तिने अंगणवाडीच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. दोन वर्षं तशी गेलीच होती, त्यात हे आणखी एवढे महिने. आणि तिच्याकडे सांगायला शब्द एकच होता, नाय. तो या वाडीत खरा वाटण्यासारखा राहिला नव्हता.

मी तारा गुंडाळत होतो. बाहेर पोरांना खिचडी वाढणं चाललं होतं. संचिताच्या हातात पळी होती. तिने ती पातेल्यात टाकली, चंदनला उचललं आणि दारात, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

“आयकलास काय सगळ्यांनी?” ती ओरडली. “माझो झील लय हुशार आसा!”

बायकांनी वर पाहिलं.

“सगळां आयकता! पोपटासारखो बोलता! खाता तर रेड्यासारखो! ह्या वाडयेत तेच्यासारखो दुसरो पोर नाय! आजारी म्हणान पडना नाय! माझो झील एकदम मस्त आसा!”

घास तोंडाशी नेलेल्या बाईचा हात तिथेच राहिला. एकीने आपलं पोर पदराखाली घेतलं, जणू काही बाहेर काहीतरी सुटलं होतं. मी इतक्या गावांत शिबिरं केली, पण माणसं अशी चिडीचूप झालेली पाहिली नव्हती. माझ्या भाषणाला तर नाहीच.

गोदूबाई उठली ती दणदणत आली.

“शिरा पडांदे तुझ्या तोंडार! खुळावलंस काय गो? भर दोपारी, चार माणसांत, आपल्याच पोराचा असां कोण बोलता?” तिने पातेल्याशेजारच्या पुडीतलं मीठ मुठीत घेतलं आणि चंदनवरून उतरायला लागली. उतरता उतरता हात थांबला. तिने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, “काय झालां गो बाये?”

“आयकना नाय, आये.”

आता तो शब्द पोचला. इतके महिने तोच तर ती सांगत होती.

गोदूबाईने मुठीतलं मीठ जमिनीवर टाकलं आणि माझ्याकडे वळली. “अरे झिला, तू तर उत्तम म्हणालंस!”

डॉक्टरानूचा झिला झालो होतो. ते योग्यच होतं.

“मान वळवली त्याने,” मी म्हटलं.

“तेणां वळयल्यान काय तू वळयलंस, आये?” संचिता म्हणाली. “तू हललंस. माका दिसला. मीया पण हललंय. सगळीच हलली.”

“मी? मी हललंय? मी कुर्ल्यो धरतंय. बिळाच्या तोंडार बसलंय तर पापणी हलाची नाय!”

परीक्षेतलं माझं ते बरोबर उत्तर मला तेव्हा आठवलं. सांभाळणाऱ्याचे कान बंद करावेत, असं त्यात होतं. मी कापसाचे दोन चांगले जाड बोळे केले, गोदूबाईच्या कानांत घातले, वरून तिचाच पदर घट्ट बांधला. तिला पुन्हा बसवलं, मांडीवर चंदन, समोर लाल झाकण. मी मागून खुळखुळा वाजवला. मग जोरात वाजवला. मग लाज सोडून देवळातल्या घंटेसारखा वाजवला.

गोदूबाई झाकणाकडे बघत राहिली. चंदन झाकणाकडे बघत राहिला.

“वाजय की रे!” गोदूबाई ओरडली, बहिऱ्या माणसासारखं. “कवा वाजयतलंस?”

कोणी हसलं नाही. तिने आजूबाजूला सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग हाताने पदर सोडला.

उरलं कानाचा पडदा तपासायचं यंत्र. त्याचं बारीक टोक कानात ठेवून आत हवेचा हलका दाब द्यायचा. पडदा नीट हलत असला तर स्क्रीनवर डोंगरासारखी रेघ येते. पण पोर शांत हवं, आणि चंदन तोवर एवढ्या गडबडीने रडकुंडीला आला होता. संचिताने त्याला उचललं. त्याने गाल तिच्या गळ्याला लावला, ती कसलंसं गाणं गुणगुणत फिरू लागली, आणि तो झोपला. नम्रताबाईंच्या हातून पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं. मी दचकलो. चंदन नाही. गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, जेवणाची आठवण म्हणून. चंदन झोपलेलाच.

मी यंत्र पुढे आणलं आणि खुणेने सांगितलं, आता गाणं थांबवा.

ती थांबली. चंदनने डोळे उघडले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तिने पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली, त्याचे डोळे मिटले. मी म्हटलं, चालू द्या. आणि तसंच, गाणं चालू असताना, मी टोक कानाला लावलं. एक कान. दुसरा कान. दोन्हीकडे डोंगर नव्हता. कातळासारखी सपाट रेघ होती.

मग मी समजावून सांगायला लागलो. “मध्यकर्णात द्रव साचल्यामुळे पडद्याचं कंपन होत नाही...”

“काय म्हणता ह्यो?” गोदूबाईने विचारलं.

मी ओळखपत्र काढून खिशात घातलं. “पडद्याच्या आतल्या बाजूक पाणी भरलां, आजी. सर्दीचां. दोनी कानांत. म्हणान आवाज आत जाना नाय. औषध आसा ह्याच्यार.”

“मगे असां बोल की आधी.” मग थोडा विचार करून, “आमी जल्मभर नदीत. आमच्या कानात पाणी जाता नि येता. ह्येच्या कानात पाणी भरलां नि कोणाक कळूक नाय.”

“आवशीक कळला होतां,” नम्रताबाई म्हणाल्या. “आपण ऐकलं नाही.”

“आयकतलास खंयसून,” संचिता म्हणाली, “मीच सगळ्यांचे कान बंद करून ठेवलंय.” आणि हसली. पण या वेळी ती एकटीच हसली.

सकाळी टेम्पो आला. मंगेश गेला, जाताना म्हणाला की पोरगा माझ्यावर गेला असं वाटलं होतं, कानावर गेलंय हे ठाऊक नव्हतं. संचिता चंदनला घेऊन मागे राहिली. तिच्याबरोबर गोदूबाईही राहिली. टेम्पो निघाल्यावर ती म्हणे बराच वेळ अंगणात उभी होती. थंडीत आपली वाडी कशी दिसते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं डॉक्टरांनी केलं, म्हणजे खऱ्या. आधी औषधं झाली, मग थोडं थांबून पाहिलं, पाणी हटेना तेव्हा पडद्यात बारीकशी नळी बसवली. संचिता कधी एसटीने, कधी नम्रताबाईंच्या नवऱ्याच्या गाडीवरून पोराला नेत-आणत होती. दवाखान्यात कोणी विचारलं, काय करता, तर सांगायची, “लोकांची पोरं सांभाळते. स्वतःचं बघायला वेळ मिळत नाही.”

आंबा जोरात असताना माझी गाडी पुन्हा त्या बाजूला गेली. वाडी बरीचशी रिकामी होती. अंगणवाडीत मोजकी पोरं, चुलीवर खिचडी, आणि चंदन पायरीवर बसलेला. वरून कावळा ओरडला तसा तो दचकला आणि त्याने वर पाहिलं. आजूबाजूला कोणी वळलं नव्हतं. मांडीही कोणाची नव्हती. एकटा बसून त्याने मान वळवली होती. मी उगीचच खिशातला खुळखुळा चाचपला.

“कावळ्याक भिता,” संचिता म्हणाली. “दोन वर्सां कावळे नुसते बगल्यान. ते असां ओरडतत ह्यां तेका म्हायतच नाय होतां.”

“आणि गाणं?”

“ता नको इचारू सर! नळी बसयल्यार पयल्यांदा गाणां म्हटलंय ना, तर तेणां माझ्या तोंडार हात ठेवल्यान. गप म्हणान. वाडयेक इतकी वर्सां जा जमूक नाय, ता तेणां केल्यान.”

“त्येका सूर कळता,” आतून गोदूबाई म्हणाली.

मी टॅब काढला. तपासणी ही तपासणी. “चंदन बोलतो का?”

संचिताने पदर सावरला. तिच्या डोळ्यांत चक्क खोडसाळपणा होता.

“नाय ओ सर! खंय बोलता! कायच बोलना नाय!”

“एकच शब्द बोलता,” गोदूबाई म्हणाली. “भात वाढू? नाय. निजतंस? नाय. सगळ्याक नाय. आवशीचा एवडां बरां उचल्ल्यान.”

मी हसून ‘होय’ दाबलं. या वेळी आधी पोराकडे नीट बघून.

चंदनला झोप येत होती. संचिता पायरीवर त्याच्या बाजूला टेकली आणि हलक्या आवाजात गाऊ लागली, तेच गाणं. त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. पण तो अंगावर चढलाही नाही. होता तिथेच बसून राहिला, तिच्याकडे तोंड करून, लांबून ऐकत. थोड्या वेळाने तो तिथेच कलंडला. तिने त्याच्या डोक्याखाली पदर सरकवला आणि नकळत स्वतःचा हात स्वतःच्या गळ्याला लावला.

“सर, एक इचारू?”

“विचारा ना.”

“नळीच्या आदी, मी गाणां म्हटलंय तेवा तेका काय आयकाक येयत असात?”

मला हे येत होतं. “म्हणजे कसं, आवाजाची कंपनं हाडातून आणि त्वचेतून थेट आत...”

“ता डॉक्टरानी सांगितलां माका. घुमल्यासारखां येता, पाण्यात बुडी मारल्यासारखां. मी नदीत बुडी मारून बगलंय पण. गोदूआये काठार बसान बोंबलली, मी पाण्यात आयकलंय. पण ती काय बोलता ह्यां माका आदीच म्हायत होतां ना.” चंदनच्या कानावरची माशी तिने हाकलली. “तेका खंय कोणी सांगितल्यान होतां की गाणां म्हणजे काय? म्हणान इचारतंय. तेवा तो असो गळ्याक चिकटान ऱ्हवा, तर तेका ता गाणां वाटला असात, की आवस नुसती थरथरता असां वाटला असात?”